पलंगाखालून जाणारा रस्ता

आमच्या घरात भूकंपमापक यंत्र आहे. पितळी तांब्या आणि त्यावर पालथं घातलेलं स्टीलचं फुलपात्र, एवढंच ते यंत्र. रात्री निजताना उशाशी स्टुलावर ठेवायचं. रस्त्यावरून जड काही यायला लागलं की पहिल्यांदा फुलपात्र किणकिणतं, मग खिडकीची काच थरथरते, मग लोखंडी कॉटच्या डोक्याकडचा सैल नट टकटकतो आणि सगळ्यात शेवटी मी उठून बसतो. हा क्रम आजवर चुकलेला नाही. सरावाने आता मला गाडी न बघता ओळखता येते. बारीक, घाईची किणकिण म्हणजे दुधाचा टेम्पो. उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या असल्या तर आवाज प्रचंड, पण फुलपात्र जागचं हलत नाही. नुसता पत्रा बोंबलत जातो. भरलेल्या ट्रॉल्या मात्र आवाज बेताचाच करतात, पण फुलपात्र बसल्या जागी अर्धी गिरकी घेऊन तांब्याच्या काठाला येतं. माणसांचंही असंच असतं, असं एक वाक्य इथे टाकायचा मोह होतो. पण रात्री दोन वाजता सुचलेली वाक्यं सकाळी चहा झाल्यावर तपासून घ्यावीत. मी घेतलं. राहू दे.

आईचं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ची पहाट तिच्या अंगातून अजून गेलेली नाही. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी पोर होती आणि आजोबांनी तिला गोधडीसकट उचलून अंगणात टाकलं होतं. पुढे ३० सप्टेंबर १९९३ला, अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपवून महाराष्ट्र नुकताच आडवा झाला असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि भूकंप पहाटेच येतो हे तिच्या दृष्टीने सिद्धच झालं. त्यामुळे आम्ही रस्त्याकडेच्या या घरात राहायला आलो तेव्हा उसाच्या पहिल्या हंगामात ती रात्रीतून पाच-पाच वेळा उठून दाराच्या चौकटीत उभी राहायची. "कोयना!" एवढा एकच शब्द. मग ट्रॉली निघून गेली की परत येऊन पडायची. जानेवारी उजाडेपर्यंत हा हादरा ट्रॉलीचा आहे हे तिच्याही लक्षात आलं. एका रात्री फुलपात्र वाजलं, मी दचकून उठलो, तर ती कूस बदलत म्हणाली, "झोप गप. कोयना न्हवं, कारखाना."

आता कबनूरच्या माणसानं आवाजाची तक्रार करावी हे मुळात हास्यास्पद आहे, याची मला कल्पना आहे. आमचं गाव इचलकरंजीला इतकं चिकटलेलं आहे की शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं हे घरपट्टीची पावती बघूनच कळतं. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. संस्थानिक नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्यांना पाठिंबा होता. तेव्हापासून या परिसराला जी खटखट लागली ती थांबलेली नाही. २०२२मध्ये इचलकरंजीची महानगरपालिका झाली, कबनूर गावच राहिलं. पण धोट्याला ही हद्द ठाऊक नाही, तो दोन्हीकडे सारखाच पळतो. साध्या मागावर मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या. आमच्या मागच्या भिंतीला भिंत लावून चुलत्यांची शेड आहे. आठ माग, दोन पाळ्या, म्हणजे दिवसरात्र. शेडमध्ये उभं राहून दोघांनी बोलायचं म्हणजे एकानं ओरडायचं आणि दुसऱ्यानं ओठ वाचायचे. आमच्याकडे ओठ वाचता येणारी माणसं इतकी आहेत की टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या ऐकतील.

ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम सांगतात की निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. मागाच्या शेडमध्ये तो शंभराच्या आसपास असतो. ४५ आणि १०० म्हणजे दुप्पट आणि थोडं वर, असा हिशेब करून मी निवांत होतो. भाच्याचा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा चालू आहे. त्यानं सांगितलं की डेसिबलची शिडी वेगळी. दर दहा पायऱ्यांना आवाजातली ऊर्जा दहापट होते. म्हणजे किती रे? त्यानं मोबाईलवर आकडा काढला, शून्यं मोजली, परत मोजली आणि म्हणाला, "मामा, तीन लाखपट." मी चुलत्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बिल मात्र तेवढ्यापट मिळत न्हाई."

तर त्या तीन लाखपट आवाजाच्या भिंतीला डोकं लावून आमचा अख्खा वंश वाढला आणि गाढ झोपला. मागाचा आवाज हा आमच्याकडे आवाजात धरतच नाहीत. तो चालू आहे म्हणजे घरात पगार येणार आहे. तान्ह्या पोराला पाळणा म्हणायची गरज नाही. शेडच्या भिंतीकडेला पाळणा बांधला की काम झालं. उलट वीज गेली, माग थांबले, की अर्ध्या मिनिटात सगळी गल्ली जागी. कुणी "लाईट गेली काय?" म्हणून विचारतं, कुणी पाणी पितं, एखादं पोर रडायला लागतं. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि माग एकदम बंद पडले तेव्हा तर गावाची झोपच गेली. रात्री एक वाजता गच्चीगच्चीवर माणसं येरझाऱ्या घालत होती, एकमेकांपासून सुरक्षित अंतर ठेवून. चुलत्यांनी अखेर मोबाईलवर आपल्याच शेडचा जुना व्हिडिओ शोधून काढला, तो उशाशी लावला आणि झोपले. व्हिडिओ चार मिनिटांचा होता. दर चार मिनिटांनी काकूंना उठून तो पुन्हा सुरू करावा लागायचा.

मग तीन लाखपट आवाजात झोपणारा मी एका ट्रॉलीनं का उठावं? याला शास्त्र आहे. एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला मेंदू सरावतो. अधूनमधून, न सांगता येणाऱ्याला सरावत नाही. माग हा घरातला माणूस, ट्रॉली हा रात्री अडीचला दार वाजवणारा पाहुणा. शिवाय माग कानात येतो, ट्रॉली कॉटमधून येते. कानात बोळे घालता येतात. मी घातले. तेव्हा बाहेरचं सगळं बंद झालं आणि मणक्यातून येणारा हादरा जास्तच स्वच्छ कळायला लागला.

ऊस म्हणजे आमच्या भागाचं सोनं, त्याबद्दल वाकडं बोलायची सोय नाही. घटना समितीवर असलेले रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी पंचगंगा कारखाना याच परिसरात उभा केला. आमच्याकडे एका हातात धोटा आणि दुसऱ्या हातात कोयता अशी घरं शेकड्यांनी आहेत. दिवाळी झाली की हंगाम सुरू. बैलगाड्या, ट्रॅक्टरला मागोमाग जोडलेल्या दोन ट्रॉल्या, दहा चाकी ट्रक. बैलगाडीचं काही नाही, घुंगरं वाजतात आणि ती गेल्यावर उलट झोप चांगली लागते. ट्रॅक्टरचं तसं नाही. त्याच्या मडगार्डावर डॉल्बी असते.

एकदा मी न राहवून रात्री दोन वाजता, मफलर गुंडाळून, रस्त्याकडेला जाऊन उभा राहिलो. ट्रॅक्टर आला, घरासमोर मंदावला. मी हात केला. वर विशी-बाविशीचं पोर, डोळे तांबडेलाल.

"काय पावणं, झोप न्हाई व्हय?"

"तुझ्या गाण्यानं लागू दिली तर ना. जरा बारीक कर की रे."

त्यानं गाणं पूर्ण बंद केलं. इंजिनची धडधड तेवढी राहिली. मग शांतपणे म्हणाला, "आण्णा, गाणं बंद केलं तर मला झोप लागंल. मला झोप लागली तर टॅक्टर सरळ तुमच्या पडवीत. दोन ट्रॉल्यांसकट. मग झोपू की दोघंबी."

युक्तिवाद बिनतोड होता. मीच म्हणालो, चालू दे बाबा. त्यानं ट्रॉलीतून एक ऊस ओढून माझ्या हातात दिला आणि आवाज पहिल्यापेक्षा वाढवून निघून गेला. बायकोनं दार उघडलं तेव्हा मी अंधारात मफलर गुंडाळून ऊस घेऊन उभा होतो. तिनं काही विचारलं नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली की विचारत नाहीत.

पण त्या रात्री एक गोष्ट डोक्यात शिरली. तो ट्रॅक्टर नेमका माझ्या घरासमोरच का मंदावला? कारण तिथे गतिरोधक आहे. आणि तो गतिरोधक तिथे का आहे?

हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. गाड्या सुसाट जातात, पोरंबाळं रस्ता ओलांडतात, म्हणून घरासमोर गतिरोधक व्हावा असा अर्ज गल्लीनं दिला होता. अर्जाचा मजकूर माझा. अक्षर माझं. पहिली सहीही माझीच. पाठपुरावा मी केला आणि गतिरोधक झाला त्या दिवशी पेढे वाटले. ज्यांनी तो केला त्यांचं नाव घेत नाही, त्यांनी अर्जातल्या "भक्कम" या शब्दाचा मान राखला एवढंच म्हणतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं आहे. म्हणजे चाकानं हळूहळू चढावं, हळूहळू उतरावं. आमचा उंचीला वीतभर आणि रुंदीला दीड हात. त्याला चढ-उतार नाही, नुसता कडा आहे. पन्हाळ्याच्या तटबंदीचा एक दगड रस्त्यात राहिलाय असं वाटतं.

भाच्यानं मग सगळं उलगडून सांगितलं. गुळगुळीत रस्त्यावरून कितीही वजन गेलं तरी जमीन फारशी हलत नाही. हलते ती चाक आपटतं तेव्हा. खड्डा, चर, झाकणाची कड, गतिरोधक. भरली ट्रॉली कड्यावरून खाली आली की तिचे आस उसळतात आणि सेकंदाला दहा-पंधरा वेळा जमिनीवर ठोके देतात. आमच्याकडची जमीन काळी, मऊ. खडकापेक्षा ती हादऱ्याला जास्त डुलते. तो ठोका मातीतून पायात, पायातून भिंतीत, भिंतीतून फरशीत, फरशीतून कॉटच्या चार पायांत. थोडक्यात, मी माझ्या सहीवर झोपत होतो.

गतिरोधक काढा म्हणून दुसरा अर्ज लिहिला. गल्लीत सही मागायला गेलो. पहिल्याच घरातल्या आजींनी विचारलं, "पेढं परत घ्याला आलास व्हय रं?" तो अर्ज अजून खिशात आहे. त्यावर एकच सही आहे.

मग रस्ता सुधारत नाही तर कॉट सुधारावी, असं ठरलं. आता गावात तज्ज्ञांची काय कमतरता? टपरीवर विषय काढला आणि चहा निवायच्या आत सहा उपाय जमले. उत्तरेला डोकं करून झोप. गादी नव्यानं पिंजून घे. खिडकीला जाड पडदा लाव. पायाखाली वाळूच्या पिशव्या ठेव. एकानं तर आणखी एक गतिरोधक पुढे करून घे म्हणून सांगितलं, म्हणजे हादरा पुढच्या गल्लीत जाईल. खरा सल्ला मागच्या शेडमध्ये माग दुरुस्त करणाऱ्या जॉबर मामांनी दिला. "मागाखाली आपण पॅकिंग घालतोय की न्हाई? तसंच घाल."

पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या टायरचे चार तुकडे आणले. कडक, तळहाताएवढे, बोटभर जाड. कॉट उचलून चारी पायांखाली सरकवले आणि मोठ्या विश्वासाने झोपलो. पावणेदोनला पहिली भरली ट्रॉली आली आणि कॉट नाचली. पूर्वी नुसती थरथरायची, आता चक्क लेझीम. डोक्याकडचा नट गळूनच पडला. सकाळी भाच्याला बोलावलं. तो वाकून, टॉर्च मारून, बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "मामा, रबर दबलंय किती?" पट्टी लावली. आम्ही दोघं कॉटवर बसलो तरी जेमतेम एक मिलिमीटर.

"तिथंच घोळ झालाय. वस्तू किती सेंटिमीटर दबते त्याचं वर्गमूळ काढायचं आणि पाचाला त्यानं भागायचं. जे येईल तितके हेलकावे ती वस्तू सेकंदाला घेते. एक मिलिमीटर दबली तर आले जवळपास सोळा. ट्रॉली दहा-पंधरा ठोके देती. दोघांची लय जुळली. झोक्याला बरोबर वेळेला धक्का दिला की झोका चढतोय, तसं झालंय."

म्हणजे मी हादरा अडवायला गेलो आणि त्याला साथ करायला बसलो.

"मग?"

"कॉटची लय ट्रॉलीपेक्षा लई कमी पाहिजे. अडीच सेंटिमीटर दबंल असं काहीतरी घाला. म्हणजे सेकंदाला तीन हेलकावे. मग वरच्याला खालचं कळणार न्हाई."

जगात हे सगळं करून झालेलं आहे, आणि आमच्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर. लंडनमध्ये सेंट जेम्सेस पार्क या भुयारी रेल्वेच्या स्टेशनावर १९६०च्या दशकात आल्बनी कोर्ट नावाची इमारत बांधली, ती आख्खी रबराच्या जाड ठोकळ्यांवर उभी केली. खालून गाडी जाते आणि वरची माणसं झोपतात. इमारत रबरावर राहते, तर माझी कॉट का राहू नये? बाकी बड्या लोकांचे प्रयोग वाचले तर धीर येत नाही. लेखक कार्लाइलनं १८५३मध्ये शेजारच्या कोंबड्यांना वैतागून लंडनच्या घरावर खास आवाजबंद खोली चढवली, आणि घरातली सगळ्यात गोंगाटाची खोली तीच निघाली. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तनं १९१०मध्ये पॅरिसच्या रहदारीच्या रस्त्यावरच्या घरात झोपायच्या खोलीला बुचाच्या लाकडाचं अस्तर लावून घेतलं. ज्युलियस सीझरनं तर रस्त्यालाच हात घातला: रोममध्ये दिवसा मालाच्या गाड्या बंद. झालं काय, सगळ्या गाड्या रात्री आल्या, आणि दीडशे वर्षांनीही तिथला कवी ज्युव्हेनल झोप मिळत नाही म्हणून कवितेत खडखडाटाला शिव्या देत होता. हे सगळं मी इचलकरंजीच्या आपटे वाचन मंदिरात बसून वाचलं. खरं सांगायचं तर त्यातलं अर्धंच वाचलं. तिथल्या लाकडी खुर्चीत मला त्या हंगामातली सगळ्यात चांगली झोप लागली.

अडीच सेंटिमीटर दबेल असं काय, यावर पंक्चरवाल्यानंच उत्तर काढलं. स्कूटरच्या जुन्या ट्यूबा. चार ट्यूबा, बेताची हवा, वर फळकुटाचा तुकडा, त्यावर कॉटचा पाय. बायको दारात हाताची घडी घालून उभी होती. आई म्हणाली, "कॉटला चाकं लावालायस व्हय? जायचंय कुठं?"

त्या रात्री पावणेदोनला फुलपात्र वाजलं. काच थरथरली. मी श्वास धरून वाट बघत होतो. कॉटपर्यंत काही आलंच नाही. फुलपात्र स्टुलावर गिरकी घेत काठाला आलं, आणि मी तीन फुटांवर ढगात पडल्यासारखा पडून ते बघत होतो. इतका आनंद झाला की बायकोला सांगायला कुशीवर वळलो.

कॉट हेलकावली. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. सेकंदाला तीन, भाच्याचा हिशेब चोख. ती थांबायला आली तेवढ्यात बायको दचकून वळली. पुन्हा सुरू. आम्ही दोघं वल्ही नसलेल्या नावेत बसल्यासारखे एकमेकांना "हलू नका" म्हणत होतो. तिसऱ्या रात्री बायकोला बोट लागली. घरात झोपून बोट लागलेली कबनूरमधली ही बहुधा पहिलीच बाई. शिवाय ट्यूबा जुन्या. पायथ्याकडच्या डाव्या ट्यूबमधून हवा जायची, तीही रात्रभर, हळूहळू. सकाळी उठावं तर आम्ही दोघं त्या कोपऱ्यात ऊस रचल्यासारखे गोळा झालेले. आठवड्यातून दोनदा मी ट्यूब काढून पंक्चरवाल्याकडे न्यायचो. तो लोकांना सांगायचा, "कॉटचं पंक्चर हाय, जरा थांबा."

पंधरवड्यानं बायकोनं गादी उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन टाकली. शेडच्या भिंतीला, थेट जमिनीवर. रस्त्यापासून तीस-पस्तीस फूट लांब. हादरा अंतरानं विरतो एवढं भाच्याचं शास्त्र तिला भाच्याशिवाय कळलं होतं. आणि जो काही उरलासुरला येत असेल तो आठ मागांच्या खटखटीत कुठल्या कुठे बुडून जातो. पडल्या पडल्या झोप लागली. मी सकाळी सातला उठलो. असं हंगामात कधी झालं नव्हतं.

पुढच्या खोलीत आता आई एकटी झोपते, तांब्या-फुलपात्र उशाशी घेऊन. मागे ये म्हटलं तर येत नाही. वय झालं, रात्री तशीही झोप लागत नाही, तेवढीच सोबत, म्हणते.

परवा रात्री वीज गेली. माग थांबले. अर्ध्या मिनिटात सगळी गल्ली जागी झाली. चुलते शेडच्या दारात येऊन आभाळाकडे बघत उभे, जशी वीज तिथून यायची आहे. पलीकडे पोर रडायला लागलं. आणि त्या सगळ्या शांततेत लांबून डॉल्बी ऐकू आली, जवळ आली, पत्रे खडखडले आणि पुढच्या खोलीतून बारीक किणकिण सुरू झाली. मी आणि बायको अंधारात कान लावून बसलो.

"दोन ट्रॉल्या," आईचा आवाज आला. "रिकाम्या हाईत. झोपा."